ओतीव कीं घडीव? : जुन्या धातुवस्तूंच्या वर्णनांची एक परीक्षा

जुन्या वस्तूंचीं जीं वर्णनें आपल्याकडे प्रसिद्ध होतात, त्यांत लांबी, रुंदी, वजन, कोरलेल्या लेखाचें वाचन, मालकाचें नांव व गांव हा मजकूर बहुधा चोख असतो. मात्र वस्तु कशाची, या रकान्यांत एक शब्द टाकला कीं वर्णनकार पुढें सरकतो. तांबें, पितळ, पोलाद, आणि कांहींच उमगलें नाहीं तर पंचधातु! वस्तु ओतलेली आहे कीं ठोकलेली, ठोकली असल्यास तापवून कीं गार, जोड कोठें आहे, पाणी दिलें आहे कीं नाहीं, याविषयीं एक अक्षरहि बहुधा सांपडत नाहीं. आश्चर्य असें कीं, हेच संशोधक पोथीचें वर्णन करूं लागले म्हणजे 'कागद' एवढें लिहून थांबत नाहींत. कागद जुन्नरी कीं दौलताबादी, घोटलेला कीं खरबरीत, शाई उठते कीं बसते, हें सारें ते बारकाईनें टिपतात. कागदाच्या बाबतींत जी दृष्टि आपण कमावली, ती लोखंडातांब्याच्या बाबतींत अद्याप कमावली नाहीं, अशी आमची तक्रार आहे. ही उणीव केवळ वर्णनाच्या नीटनेटकेपणाची असती तर तिच्यासाठीं त्रैमासिकाचीं पानें खर्चण्याचें कारण नव्हतें. पण तिच्यामुळें कागदपत्रांचा अर्थ चुकतो, बनावट वस्तू अस्सल ठरतात आणि अस्सल वस्तू भट्टींत जातात.

धातूचें बळ त्याच्या नांवांत नसतें. एकच धातु, एकाच प्रमाणांत घेऊन, दोन रीतींनीं हाताळला तर गुणानें अगदीं निराळ्या अशा दोन वस्तू निघतात. याचें ठसठशीत उदाहरण कांशाचें आहे. सुमारें ७८ भाग तांबें व २२ भाग कथील यांचा रस सांच्यांत ओतून सावकाश निवूं दिला, तर घंटेचें कांसें तयार होतें. त्याचा नाद गोड, पण फरशीवर आपटलें तर कांचेसारखे तुकडे. याच रसाची वडी ओतून ती लाल तापवावी, तापलेली असतांनाच ठोकीत पातळ करावी आणि शेवटीं लाल असतांनाच पाण्यांत बुडवावी, म्हणजे जी थाळी किंवा वाटी मिळते ती पातळ असूनहि चिवट असते. ओडिशा-बंगालचे कांसारी ही विद्या पिढ्यान् पिढ्या चालवीत आले आहेत. कारण असें कीं, रस सावकाश निवतांना त्यांत कथिलानें समृद्ध असा एक कठीण व ठिसूळ घटक वेगळा पडतो. पाण्यांत एकाएकीं निवविल्यास त्याला वेगळें होण्यास अवधि मिळत नाहीं. पोलादाची तऱ्हा याच्या नेमकी उलट. पोलाद पाण्यांत बुडविलें कीं कठीण व ठिसूळ होतें, कांसें बुडविलें कीं त्याचा ठिसूळपणा बराचसा जातो. तेव्हां 'कांसें' एवढाच शेरा लिहिणाऱ्यानें वस्तूविषयीं अर्धेंच सांगितलें असें म्हणावें लागतें.

आतां हेंच ज्ञान घेऊन मुलूख-मैदान तोफेकडे जाऊं. ही तोफ इ. स. १५४९ मध्यें अहमदनगरास ओतली गेली, पुढें परांड्यास होती, आणि १६३२ मध्यें विजापुरास नेण्यांत आली. लांबी १४ फूट ४ इंच, बाहेरचा व्यास सुमारें ४ फूट १० इंच, पोकळी २ फूट ४ इंच. हिच्याविषयीं पंचधातूची गोष्ट आजहि सांगितली जाते. जंजिऱ्याच्या कलालबांगडीविषयींहि तीच सांगतात. परंतु मुलूख-मैदानच्या धातूचें पृथक्करण झालेलें असून त्यांत सुमारें ८० भाग तांबें व २० भाग कथील एवढेंच आढळलें आहे. धातू पांच नाहींत, दोनच आहेत. आणि त्यांचें प्रमाण तोफेचें नसून जवळजवळ घंटेचें आहे! तोफेच्या धातूंत कथील साधारणतः दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवतात, कारण तोफेला नाद नको, चिवटपणा हवा. मग ही घंटा फुटली कां नाहीं? आमच्या मतें याचें उत्तर रसाच्या पाककृतींत नसून तोफेच्या बांधणींत व वापरांत आहे. वरील मापांवरून पाहतां नळीची भिंत सव्वा फूट जाड भरते. शिवाय गोळा दगडी असला तर तो तेवढ्याच लोखंडी गोळ्याच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याएवढाच भरतो, आणि त्या मानानें दारूचा दाब कमी राहतो. ओतणाऱ्या रूमी कारागिरानें कथील वाढविलें तें रस पातळ होऊन एवढा मोठा सांचा व त्यावरील सिंहमुखाची नक्षी नीट भरावी म्हणून असावें, असा आमचा तर्क आहे. कथील वाढलें कीं रस लवकर वितळतो व सांच्यांत चांगला धांवतो, हें प्रत्येक ओताऱ्यास ठाऊक असतें. पंचधातूची गोष्ट सांगणारा या साऱ्या विचाराला मुकतो. याच तोफेचा इ. स. १८५४ मध्यें सरकारनें लिलाव मांडला असतां १५० रुपयांची बोली आली होती व ती विक्री मागाहून रद्द झाली. अधिकाऱ्यास ती बोली हलकी वाटली नसती तर आज आमच्यापुढें पृथक्करणाचे आंकडे तेवढे उरले असते.

मराठी कागदांत 'पंचरसी' तोफांचा उल्लेख येतो, तेव्हां तो शब्द पाककृति म्हणून न वाचतां जातीचें नांव म्हणून वाचावा असें आम्हांस वाटतें. तो लोखंडी तोफेहून निराळी, रस ओतून केलेली, तांब्याच्या जातीची तोफ एवढेंच सांगतो. पांच धातू मोजीत बसण्याचें प्रयोजन नाहीं. याहून मोठा घोटाळा भाषांतरांत झाला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं सध्यांच्या जालना जिल्ह्यांतील असई येथें शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव होऊन ९८ तोफा इंग्रजांच्या हातीं पडल्या. वेलस्लीनें आपल्या पत्रांत त्यांपैकीं बहुसंख्य तोफांची मोठी वाखाणणी केली आहे. त्या तोफांना इंग्रजींत जो शब्द वापरलेला आहे, त्याचें मराठी 'पितळी तोफा' असें सरसकट केलें जातें. पण त्या काळचे इंग्रज गोलंदाज तोफेच्या कांशालाहि तोच शब्द लावीत असत. पितळ म्हणजे तांबें व जस्त. तोफेचें कांसें म्हणजे तांबें व कथील. घरच्या हंड्याचें पितळ आणि गोळ्याचा मार सोसणारें कांसें एकाच शब्दानें वाचकापुढें ठेवलें, तर शिंद्यांच्या तोफखान्याची योग्यता त्याला कळणार कशी? कांशाची तोफ महाग पडते, पण फुटण्यापूर्वीं फुगते व गोलंदाजास इशारा देते. बिडाची तोफ इशारा न देतां ठिकऱ्या होऊन उडते. असईच्या तोफांची इंग्रजांनीं केलेली स्तुति या दृष्टीनें वाचली म्हणजे ती केवळ जेत्याचा थोरपणा म्हणून सोडून देतां येत नाहीं.

'लोखंडी तोफ' या शब्दांतहि असाच दुहेरी अर्थ दडलेला आहे. बीड आणि घडीव लोखंड यांना एका नांवाखालीं घालणें म्हणजे सुती व रेशमी वस्त्राला नुसतें 'कापड' म्हणण्यासारखें आहे. बिडांत कर्ब शेंकडा तीनचार असतो, तें ओततां येतें पण ठोकतां येत नाहीं. घडीव लोखंडांत कर्ब जवळजवळ नसतो, तें ठोकतां व सांधतां येतें, पण आपल्या जुन्या भट्टींत वितळून ओततां येत नसे. म्हणून दख्खनी कारागिरांनीं लोखंडी तोफ ओतली नाहीं, बांधली. लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांप्रमाणें उभ्या मांडून त्यांवर तापविलेलीं कडीं एकाशेजारीं एक बसवीत. कडें निवतांना आंवळतें व पट्ट्यांना घट्ट धरतें. विजापूरच्या उपली बुरुजावरील ३० फूट ८ इंच लांबीची तोफ याच रीतीची आहे. या रीतीचें मर्म असें कीं, पोकळ नळींत दाब उत्पन्न झाला तर नळीला घेराच्या दिशेनें पडणारा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. नळी फुटते ती बहुधा लांबींत चिरून. घडीव लोखंडांत ठोकण्याच्या दिशेनें मळीचे धागे पसरलेले असतात व त्या धाग्यांच्या दिशेनें लोखंड बळकट, आडवें कमजोर. कड्यांत हे धागे नेमके घेराभोंवतीं फिरतात. म्हणजे ताण जेथें दुप्पट, तेथेंच बळ अधिक. हें गणित त्या लोहारांनीं मांडलें नसेल, पण त्यांच्या घणाला तें ठाऊक होतें. आपल्या किल्ल्यांवर अशीं कडीं स्पष्ट दिसणारी तोफ एका बाजूस आणि कानांसकट एकसंध ओतलेली, बहुतांशीं युरोपांतून आलेली बिडाची तोफ दुसऱ्या बाजूस, अशा पडलेल्या असतात. दोहोंच्या नोंदींत 'लोखंडी, गंजलेली' एवढाच शेरा वाचून आम्हांस खेद होतो. कोणती तोफ दख्खनी व कोणती जहाजांतून उतरलेली, याचा पहिला पुरावा त्या कड्यांतच होता.

या बाबतींत जुने ग्रंथकार आमच्याहून जागरूक होते, असें म्हणण्यास आधार आहे. अबुल्फजलानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या आईन-इ-अकबरींत बंदुकीच्या नळ्या करण्याच्या रीती दिल्या आहेत. पूर्वीं लोखंडाचा पत्रा वळवून त्याच्या कडा एकमेकींस भिडवून सांधीत, आणि त्या नळ्या फुटून अपघात होत. पुढें पत्रा तिरपा पीळ देऊन गुंडाळूं लागले, कडेला कड न भिडवितां एका घडीवर दुसरी चढवून तापवून सांधूं लागले, आणि मग नळी दारूचा भरपूर भार सोसूं लागली, असा त्याच्या कथनाचा भावार्थ आहे. शोधाचें श्रेय तो बादशहाला देतो, तें आपण दरबारी रीत म्हणून सोडून देऊं. महत्त्वाची गोष्ट ही कीं, लोखंड तेंच, बदलली ती सांधण्याची दिशा, आणि तेवढ्यानें नळीचें बळ बदललें, हें एका इतिहासकारानें ओळखून लिहून ठेवलें आहे. सरळ सांधा घेराच्या ताणापुढें उघडा पडतो; पिळाचा सांधा तो ताण वांटून घेतो. कोणा संग्राहकाजवळ जुनी तोड्याची बंदूक असेल, तर तिच्या नळीवर पिळाच्या रेघा दिसतात कीं एक सरळ शीर, एवढें तरी त्यानें टिपावें. आमच्या पाहण्यांतील बहुतेक नोंदींत दस्त्यावरील हस्तिदंतास चार ओळी व नळीस अर्धी ओळ असते.

तरवारीविषयीं तर बोलूं तितकें थोडें. हिंदी पोलादाच्या मुशीचीं स्थळें मराठवाड्याहून दूर नव्हतीं. निजामाबाद जिल्ह्यांतील कोनासमुद्रम येथील मुशीचें वर्णन व्हॉयसी यानें केलें असून तें इ. स. १८३२ मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रांत प्रसिद्ध झालें; ईराणी व्यापारी तेथें पोलाद खरेदीस येत असत. या पोलादांत कर्ब शेंकडा दीडच्या आसपास असतो. तें मंद लाल असतांनाच घडवावें लागतें. अधिक तापविलें तर हातोडीखालीं भुगा होतो, आणि भुगा न झाला तरी पात्यावरील जौहर नाहींसा होतो. युरोपांतील लोहारांनीं आपल्या संवयीप्रमाणें तें पांढरें तापविलें व पोलादासच दोष दिला. फॅरडेसारख्या थोर रसायनज्ञानेंहि इ. स. १८१९ मध्यें या पोलादाचें पृथक्करण करून त्याचें रहस्य प्रथम अल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या अंशांत शोधलें. म्हणजे 'कशाचें' हाच प्रश्न त्यानेंहि आधीं विचारला! पुढें इ. स. १९९८ मध्यें व्हरहोवेन व पेंड्रे यांनीं दाखवून दिलें कीं, धातुकांतून आलेले व्हॅनेडियमसारखे अत्यल्प अंश आणि पुनःपुन्हां तापवून घडविण्याची रीत हीं दोन्ही मिळून कर्बाच्या कणांच्या ओळी लागतात व त्याच ओळी जौहर म्हणून डोळ्यांस दिसतात. धातुक बदललें किंवा रीत बदलली, दोहोंपैकीं एक जरी झालें तरी जौहर गेला. तेव्हां द्रव्याला कमी लेखावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. द्रव्यावरच थांबूं नये एवढेंच आहे.

नोंदींतून मात्र लाटांची नक्षी दिसली कीं 'अस्सल जौहरदार पोलाद' असा शेरा पडतो. दोन जातींचें लोखंड थरावर थर सांधून, हिराकशीसारख्या द्रव्यानें खवखवीत केलेल्या पात्यावरहि लाटा उमटतात. ती नक्षी सांध्याची, मुशीच्या पोलादाची नव्हे. पात्याच्या कांठाशीं भिंगानें पाहिलें तर थर सुटे दिसतात. फिरंगी पातें आणखी निराळें. तें पाणी देऊन व पुढें हलकें तापवून उतरविलेलें असतें, म्हणून कमानीसारखें वाकून परत येतें. मुशीच्या पोलादाचें पातें पुष्कळदां पाणी न देतांच सोडलेलें असून तें कापण्यांत तीक्ष्ण पण वांकविण्यांत भरंवशाचें नसतें. पाहुण्यांसमोर घराण्याची तरवार वाकवून दाखविण्याची हौस कांहीं मंडळींस असते. त्यांनीं आपलें पातें कोणत्या जातीचें हें आधीं ठरवून मगच ती हौस पुरवावी!

हें ज्ञान ग्रंथांतच आहे असें नव्हे. हा लेख आम्ही तीर्थपुरी येथें बसून लिहीत आहों. घनसावंगी तालुक्यांतील या बाजाराच्या गांवीं कोयते, विळे, खुरपीं घडविणारा लोहार मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा हातीं घेतो, तापवून ठोकतो, आणि धार काढल्यावर केवळ धारेकडची कडा लाल करून तेवढीच पाण्यांत धरतो. पाठ मऊ राहते. सारा कोयता बुडविला तर ऊसतोडींत पहिल्याच दिवशीं मोडेल, मुळींच बुडविला नाहीं तर दुपारपर्यंत बोथट होईल. मग घासलेल्या कडेवर पिवळा रंग सरकत येऊन जांभळा होऊं लागला कीं तो पुन्हां पाणी दाखवितो. त्या रंगावर धारेचा ठिसूळपणा किती उतरला तें त्याला कळतें. 'पाणीदार', 'पाणी उतरलें', 'पाणी जोखणें' हे शब्द आम्ही लेखांतून अलंकार म्हणून वापरतों; त्याच्या दुकानांत ते नुसते कामाचे शब्द आहेत. जालना शहरांतील कारखान्यांतहि हेंच तत्त्व मोठ्या प्रमाणावर चालतें. तेथें घरबांधणीच्या सळया लाटून निघतांच त्यांवर पाण्याचा जोराचा मारा करतात. बाहेरची साल कठीण होते, आंतील उष्णता तिला पुन्हां किंचित् उतरविते, आणि गाभा चिवट राहतो. तेंच लोखंड नुसतें हवेंत निवूं दिलें असतें तर एवढा भार घेतें ना.

मात्र याच कारखान्यांच्या भट्ट्यांत मोडीचें लोखंड वितळतें, ही गोष्ट संशोधकांस विसरतां येणार नाहीं. खेड्यापाड्यांतील मोडीचा व्यापारी काट्यावर वजन करतो. त्याला गंजलेला मोटेचा कणा आणि गंजलेली बंदुकीची नळी यांत भेद करण्याचें कारण नाहीं. भेद आपण करावयाचा. घरोघरच्या पोथ्या वाण्याच्या पुड्यांसाठीं जाऊं लागल्या तेव्हां आपल्या पूर्वसूरींनीं त्या दारोदार फिरून गोळा केल्या. लोखंडासाठीं तसें कोणी फिरल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. वस्तु एकदां वितळली कीं तिच्यांतील द्रव्य जसेंच्या तसें उरतें, परंतु ती कशी केली होती याचा सर्व पुरावा, म्हणजे धागे, सांधे, थर, पाणी, एका घटकेंत पुसला जातो. आतां क्ष-किरणांच्या लहानशा यंत्रानें वस्तूस ओरखडा न काढतां द्रव्यें मोजतां येतात, म्हणून कांहींजण निश्चिंत झाले आहेत. तें यंत्र द्रव्यें सांगतें, आणि तींहि पृष्ठभागाचीं. घडण कळण्यास एखादा बारीकसा भाग घासून, झिलई करून, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो व तें काम जाणत्याकडूनच करवून घ्यावें लागतें.

सरतेशेवटीं ताम्रपटांविषयीं, कारण या त्रैमासिकाच्या बहुतेक वाचकांचा धातूशीं संबंध येतो तो तेथेंच. तांबें गार ठोकलें कीं कठीण होतें, लाल तापविलें कीं मऊ होतें; मग तें पाण्यांत निवविलें काय किंवा हवेंत काय, फरक पडत नाहीं. पुण्याच्या कसब्यांतील तांबट भांड्याला शेवटीं जें मठारकाम करतात तें दिसण्यापुरतें नसून पातळ पत्र्याला ताठपणा यावा म्हणूनहि असतें. आपले बहुतेक ताम्रपट ठोकून केलेले आहेत. सोहगौऱ्याचा ओतीव पत्रा हा प्रसिद्ध अपवाद. ठोकीव पत्र्याची जाडी जागोजाग बदलते, कडा पुष्कळदां अक्षरांच्या रक्षणासाठीं उचललेल्या असतात, आणि पत्रा पातळ असेल तर छिन्नीचे उठाव पाठीमागें उमटतात. उलट यंत्रावर लाटलेला पत्रा सर्वत्र एका जाडीचा असतो व त्यावर लाटण्याच्या दिशेनें बारीक सरळ रेघा आढळतात. शिलाहार किंवा यादव राजाचा म्हणून पुढें आलेला पट लाटीव पत्र्यावर असेल, तर लिपीचा विचार करण्यापूर्वींच त्याकडे संशयानें पाहावें. मूळ पट झिजल्यामुळें मागाहून केलेली ती प्रामाणिक नक्कलहि असूं शकेल. परंतु मूळ नव्हे हें ठरलेंच. आमच्या माहितींत अक्षरवटिकेवर पानेंच्या पानें वाद झाले आहेत आणि जाडी मात्र कोणी चार ठिकाणीं मोजलेली नाहीं. कमीत कमी चार कोपरे व मध्य येथें जाडी मोजून ती ठशाबरोबर छापावी, व पाठीमागच्या बाजूचाहि ठसा घ्यावा.

हिरवा कीट निघावा म्हणून पट निखाऱ्यावर धरण्याची जी जुनी रीत कांहीं घराण्यांत आढळते, ती मात्र तत्काळ बंद झाली पाहिजे. त्या एका तापविण्यानें ठोकलेलें तांबें मऊ होतें, हातोडीखालीं त्याच्या कणांत आलेला ताण नाहींसा होतो, आणि पट मूळचा कठीण पत्र्यावर कोरला कीं मऊ करून कोरला, हें पुढें कोणासहि सांगतां येत नाहीं. कड्याच्या बाबतींत तर अधिक जपावें. पट ठोकीव असला तरी राजमुद्रा बहुधा ओतीव असते आणि तिच्यांत कडें बसवितांना केलेला सांधा शाबूत असेल, तर तो पट एकदां गुंफल्यावर पुन्हां उघडला गेला नाहीं याची तीच साक्ष असते. ठसा घेण्याच्या सोयीसाठीं कडें कापावयाचें असेल तर तें सांध्यापासून दूर कापावें, व कापण्यापूर्वीं सांध्याचें छायाचित्र घ्यावें.